मारुती ओमनी व्हॅनचं पासिंग आलंय, भरवशाचा मिस्त्री आहे का कुणाचा?

बी-३०२ पवार: नमस्कार मंडळी. आमच्या ओमनीला १५ वर्षं पूर्ण होतायत, पुढच्या महिन्यात आरसी संपते. पीयूसीत (धुराच्या तपासणीत) गाडी नापास झाली, सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड जास्त. नेहमीच्या गॅरेजवाल्यानं हाफ इंजिन (पिस्टन-रिंगांचं काम) काढावं लागेल म्हणून ३२ हजार सांगितलेत. दुसरा कोणी माहितीतला आहे का?

ए-१०४ देशमुख: ३२ हजार घालण्यापेक्षा भंगारात द्या हो. कंपनीनं ओमनी बनवणं २०१९ लाच थांबवलं.

बी-३०२ पवार: देशमुख साहेब, आईच्या ऑर्डरीचे मोदकांचे डबे न हलता जातात ते याच गाडीत. तुमच्या एसयूव्हीत मागे एवढी सपाट जागा आहे का? 😄

सेक्रेटरी: ग्रुपवर कृपया सोसायटीचेच विषय घ्यावेत. आणि त्या गाडीखाली ऑइलचे डाग पडलेत, ते बघा.

सी-५०१ सावंत काका: डाग शेजारच्या बुलेटचे आहेत, सेक्रेटरी. पवार, धूर कुठला येतो? निळा का काळा?

बी-३०२ पवार: धूर दिसतच नाही काका. ऑइलही कमी होत नाही. अ‍ॅव्हरेज मात्र पडलंय.

सी-५०१ सावंत काका: मग इंजिन कशाला उघडताय? ऑइल पीत नाही, निळा धूर नाही, म्हणजे रिंगांचा प्रश्न नाही. पेट्रोल जास्त जातंय, एवढंच. चेक इंजिनचा दिवा लागतो का?

बी-३०२ पवार: उन्हाळ्यापासून लागतोय. गॅरेजवाला म्हणाला जुन्या गाडीत लागतोच.

सी-५०१ सावंत काका: धन्य आहे. दापोडीच्या एसटी वर्कशॉपात असं म्हणालो असतो तर फोरमननं पाना फेकून मारला असता. पीयूसीला घरून थेट गेलात?

बी-३०२ पवार: हो, कोपऱ्यावरच तर आहे सेंटर.

सी-५०१ सावंत काका: थंड गाडी न्यायची नाही. वीसेक मिनिटं चालवून मग न्या. सायलेन्सरच्या लाइनीतलं, विषारी वायू कमी करणारं कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, तोवर आकडा चढाच येतो. माझ्या माहितीतला एक मिस्त्री आहे, नंबर पर्सनलवर टाकतो. तोंडानं फटकळ आहे, पण आधी स्वतः गाडी चालवून बघतो, मगच बॉनेट... म्हणजे तुमच्या बाबतीत सीट उचलतो, ओमनीचं इंजिन सीटखालीच ना. आणि काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून परत देतो. जो जुना पार्ट दाखवत नाही त्याच्याकडे मी परत जात नाही.

डी-२०३ शेख: पवारभाऊ, मी गेल्या वर्षी यातून गेलोय. आरसी वाढवायला फॉर्म २५ भरायचा, मुदतीआधी ६० दिवसांपासून भरता येतो. फी पूर्वी ६०० होती, एप्रिल २०२२ पासून ५,०००. उशीर झाला तर दर महिन्याला आणखी ५०० दंड. पर्यावरण कर वेगळा. विमा चालू हवा, चलनं भरून टाका, आणि नवी सुरक्षा नंबर प्लेट (एचएसआरपी) आधी बसवा. कर्ज फिटलं असेल तरी आरसीवरून बँकेचं नाव उतरलंय का बघा. माझं तिथंच अडकलं होतं.

बी-३०२ पवार: अरे बापरे, बँकेचं नाव तसंच आहे! 🙈

डी-२०३ शेख: मग आजच बँकेकडे एनओसीला (ना हरकत पत्राला) अर्ज टाका. अजून एक, गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चेसी नंबर स्वच्छ वाचता आला पाहिजे. गंज असेल तर हलक्या हातानं पुसा, ग्राइंडर अजिबात लावू देऊ नका. आकडे झिजले तर गाडी तुमचीच आहे हे पटवत बसावं लागेल.

ए-४०१ जोशी काकू: आमच्या गाडीला सीएनजी आहे, काही वेगळं लागतं का?

डी-२०३ शेख: टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची तपासणी, काकू. दर ३ वर्षांनी. सर्टिफिकेट शोधून ठेवा.

(आठ दिवसांनी)

बी-३०२ पवार: मंडळी, पीयूसी पास! इंजिनाला हातही लावला नाही. पेट्रोल किती सोडायचं ते ज्यावरून ठरतं त्या ऑक्सिजन सेन्सरची वायर कुरतडलेली होती, त्यामुळे गाडी अंदाजानं जास्त पेट्रोल ओढत होती. सेन्सर नाना पेठेतून मीच आणला. शिवाय नवे प्लग, एअर फिल्टर आणि मजुरी धरून ४,१०० झाले. जुना माल पिशवीत मिळाला. काका, पेढे घेऊन येतो.

सी-५०१ सावंत काका: साखर वर्ज्य आहे, मोदक चालतील.

ए-१०४ देशमुख: कुरतडलेली म्हणजे?

बी-३०२ पवार: उंदीर. फिल्टरच्या डब्यात घरटं होतं, कापसासकट. मिस्त्री म्हणाला, पार्किंगमधल्या बाकीच्या गाड्याही तपासा.

ए-१०४ देशमुख: 😳 माझी गाडी तुमच्या शेजारीच लागते.

सी-५०१ सावंत काका: सेक्रेटरी, आता झाला का सोसायटीचा विषय?

सेक्रेटरी: पेस्ट कंट्रोलचं कोटेशन मागवतो. रविवारी ११ वाजता पार्किंगमध्ये भेटू.