मदत हवी आहे: तीन गुणांनी अडकलंय, बारावी भौतिकशास्त्राचं पुनर्मूल्यांकन करावं का?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून लिहितोय. धाकटी बहीण बारावी सायन्स पास झाली. भौतिकशास्त्र 40, रसायन 53, गणित 39, बेरीज 132. आम्ही खुल्या वर्गातले. इंजिनिअरिंगला या तीन विषयांत मिळून 45 टक्के, म्हणजे 135 लागतात. सीईटी तिने चांगली सोडवली आहे, पण या तीन गुणांपायी ती वाया जाते की काय, याची घरात सगळ्यांनाच धाकधूक आहे.

रसायन-गणिताबद्दल तिची तक्रार नाही. भौतिकशास्त्राचे 40 मात्र तिला पटत नाहीत. पेपर झाला त्याच संध्याकाळी तिने प्रश्नपत्रिकेवर काय बरोबर आलं ते टिपून ठेवलं होतं. त्या हिशेबाने पन्नाशी गाठायला हवी होती. शेवटची उदाहरणं तिने पुरवणीवर सोडवली, ती तपासायचीच राहिली असतील असं तिला राहून राहून वाटतं. पोरगी उगाच बोलणारी नाही.

बाबांना विचारलं तर म्हणाले, "पैशाचं पाह्यतो मी, पण मार्क कमी झाले तं?" घरातला पैसा सध्या सरकी आणि खताकडे चाललाय, तरी ते असं म्हणाले.

50 रुपयांची गुणपडताळणी पुरेल, की 400 भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी? कोणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया सांगा, मुदत थोडीच आहे.

प्रतिसाद

दादा, मी कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवतो. छायाप्रतच मागवा. गुणपडताळणीत बेरीज चुकली का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात. लिहिलेल्याला गुण कमी पडले असतील तर तिथे काही होत नाही. शिवाय पुनर्मूल्यांकनाला छायाप्रत लागतेच, आणि ती मिळाल्यापासून पाच कामाच्या दिवसांत 300 रुपये भरून अर्ज करायचा असतो. सुट्ट्या चालू आहेत, म्हणून तिच्या कॉलेजच्या सरांना आजच फोन करून ठेवा, नाहीतर प्रत हाती येईल आणि दाखवायला कोणी सापडणार नाही.

प्रत आली की आधी पुरवणीची पानं बघा, त्यावर परीक्षकाच्या खुणा आहेत का ते तपासा. मग उदाहरणं. सूत्राला, किंमती घालण्याला, उत्तराला वेगवेगळे गुण असतात. शेवटचा आकडा चुकला म्हणून अख्खं उदाहरण शून्यावर गेलं असेल तर ते लगेच दिसतं. बाबांची भीती मात्र मनावर घ्या. सरांना कागदावर स्पष्ट चार-पाच गुण सुटलेले दिसले तरच पुढचा अर्ज करा.

आणि श्रेणीसुधारचा, म्हणजे गुण वाढवायला पुन्हा परीक्षा देण्याचा, फॉर्म कॉलेजातून भरून ठेवा. पुनर्मूल्यांकनाचा निकाल लांबला तर ती संधीही हातची जाईल.