१ टक्का ऑक्सिजनला एचआयएफचा बँड फिका का येतोय?

टिळकवाडी_लॅब: एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या) पेशी, ६ वेल (खळगे) असलेली प्लेट, वेलमागे ३ मिली मीडियम (पेशींचं पोषक द्रव). बंद चेंबरमध्ये १% ऑक्सिजन, ५% कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन, २४ तास. ट्रिप्सिनने पेशी सोडवून ब्लॉट (प्रोटीन बँडच्या रूपात दाखवणारी चाचणी) केला तर एचआयएफ-१-अल्फा (ऑक्सिजन घटला की पेशीत साठणारं प्रोटीन) फिकाच, साध्या इन्क्युबेटरमधल्या कंट्रोललाही जवळपास तेवढाच. एमटीटी (रंगावरून पेशींची वाढ बघणारी चाचणी) मात्र वाढ निम्म्यावर आली म्हणतो. गॅस गळतोय काय?

निप्पाणीकर: गळती तपासाच, पण आधी कंट्रोल बघा. वेलचं क्षेत्रफळ साधारण ९.५ चौ. सेंमी, म्हणजे पेशींच्या डोक्यावर ३ मिमी मीडियम. त्यातून ऑक्सिजन संथ उतरतो आणि पेशी दाट असल्या की तळाशी पोचतो तेवढा त्याच खातात. कंट्रोलचीही खाली उपासमारच! १.५ मिली घाला, दाटी ५०-६०% असतानाच प्रयोग लावा. मीडियम आदल्या रात्री उथळ डिशमध्ये चेंबरात ठेवा. गॅस भरल्यावर तासा-दोन तासांनी तो पुन्हा एकदा आत सोडा. मीडियम आणि प्लॅस्टिक दोन्हींत मुरलेला ऑक्सिजन बाहेर येत राहतो.

खानापूर_ब्लॉट: बँड ट्रिप्सिननं घालवला, सर, पेशी सोडवेपर्यंत त्यांना हवा लागली. हवा लागली की प्रोलिल हायड्रॉक्सिलेज हे एंझाइम एचआयएफवर खूण करतं, व्हीएचएल हे दुसरं प्रोटीन ती ओळखतं आणि प्रोटीन तुटायला जातं. अर्धायुष्य ५ मिनिटांच्या आसपास. चेंबर उघडताच प्लेट बर्फावर, थंड पीबीएसने (खारट बफरने) एकदाच धुणं, आणि वेलमध्येच थेट पेशी फोडणारा सॅम्पल बफर. बँड ११०-१२० किलोडाल्टनला बघा, हिशोबाने ९३ येतं म्हणून तिथं शोधत बसू नका. सोबत एका वेलला १०० मायक्रोमोलर कोबाल्ट क्लोराइड ४-६ तास द्या, तो साध्या हवेतही एचआयएफ टिकवतो. तिथंही फिका आला तर अँटिबॉडी किंवा लायसिस (पेशी फोडण्याची पायरी) बघा. तिथं ठसठशीत आणि चेंबरात फिका, तर गॅस. वाढीचा निष्कर्ष मात्र कोबाल्टवरून काढू नका, तो ऑक्सिजन कमी करत नाही, एंझाइम अडवतो.

चिकोडी_कल्चर: एमटीटीवर इथं भरवसा नको. तो पेशी मोजत नाही, त्यांचा चयापचय मोजतो, आणि ऑक्सिजन घटला की तोच बदलतो. ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) घालून पेशी सरळ मोजा. मीडियम पिवळं पडलं असेल तर लॅक्टिक आम्लानेही वाढ मंदावते. त्याचं खापर ऑक्सिजनवर फोडू नका.

आणखी एक. बेळगाव ७५० मीटर उंचावर, हवेचा दाब ६९५ मिमी पाऱ्याच्या आसपास. म्हणून इथल्या साध्या इन्क्युबेटरात ऑक्सिजनचा दाब साधारण १२९ मिमी, मुंबईत १४१. टक्क्यांसोबत मिमीही लिहून ठेवा.

टिळकवाडी_लॅब: दाटी ९०% होती. उद्या १.५ मिली आणि कोबाल्टचा वेल लावतो.