लॅटिन की रशियन? एकच शिकायची आहे

कारवी:

नमस्कार मंडळी. वय ५८, मुक्काम नाशिक. मार्चमध्ये कॉलेजातून निवृत्त झाले, जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. आता सकाळचे दोन तास माझे आहेत आणि एक भाषा नीट शिकायची आहे. एकच. दोन्ही धरून दोन्ही सोडणाऱ्यांतली मी (पेटी, जर्मन, क्रोशे, याच क्रमाने), त्यामुळे ‘दोन्ही करा की’ असा सल्ला कृपया देऊ नका.

लॅटिन का, तर पोरांकडून आयुष्यभर लॅटिन नावं घोकून घेतली, पण त्या भाषेतलं एक वाक्य मला धड वाचता येत नाही. मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या लॅटिन ग्रंथाचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापले. पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांचं १६७५ सालचं प्रशस्तिपत्र आहे, कोकणीत, देवनागरी अक्षरांत. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं ते पान मी अडखळत का होईना वाचते, आणि पान उलटलं की पुढचं सगळं लॅटिन बंद दार. याची लाज वाटते. आता कुणी म्हणेल की गरज काय? खरंय. नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच द्यायचं ही १९३५ पासूनची सक्ती १ जानेवारी २०१२ ला गेली, इंग्रजी चालतं. पण मी नवी वनस्पती शोधणार नाहीये, जुन्या वाचणार आहे.

रशियनचं कारण घरातलं. बाबा ओझरला मिग विमानांच्या कारखान्यात फिटर होते. तेव्हा तिथे रशियन तज्ज्ञ राहायचे. बाबांनी त्यांच्याकडून ऐकून ऐकून शंभर पानी वहीत शब्द उतरवलेत, देवनागरीत. वही माझ्यापुढे आहे, पहिल्याच पानावर तेलाचा अंगठा उमटलाय. जसंच्या तसं देते:

गायका – नट
क्लूच – पाना. किल्ली पण.
आत्व्योर्तका – स्क्रू ड्रायव्हर
मास्ला – ऑइल. लोणी पण (?)

ते प्रश्नचिन्ह बाबांचंच. शिवाय त्यांतल्या एका साहेबांनी परत गेल्यावर दर नवीन वर्षाला पाठवलेली सतरा कार्डं आहेत. बाबा गेले २००९ मध्ये. भाऊ म्हणाला, फोन धर वर, आपोआप भाषांतर होतं. धरला. एका कार्डावर फोनने वाचलं, ‘वितळलेल्या तेलाबद्दल तुमच्या पत्नीचे आभार.’ आई ८१ वर्षांची आहे आणि तिने आयुष्यात कुणाला तेल वितळवून दिलेलं नाही.

या वयात यातलं काय झेपेल?

गीर्वाण६१:

ताई, आधी संस्कृत पक्कं करा, मग दोन्ही भाषा फुकट! लॅटिनमध्ये सहा विभक्ती, रशियनमध्येही सहा, आपल्याकडे आठ. रशियन तर संस्कृतचीच लेक आहे. द्वे ते ‘द्वा’, त्रि ते ‘त्री’, द्वार ते ‘द्व्येर’, नभ ते ‘न्येबा’, अग्नी ते ‘अगोन’. आणखी पुरावा काय हवा?

जुनी_रद्दी:

गीर्वाणकाका, लेक नाही हो, मावसबहीण. आजी एकच, पण ती आजी संस्कृत नव्हे. नाहीतर अग्नीला ‘इग्निस’ आहे म्हणून लॅटिनलाही लेक म्हणावं लागेल. नात्याचेच शब्द घ्यायचे तर आपला दीर (देवर) रशियनमध्ये ‘द्येवेर’ आहे आणि लॅटिनमध्ये ‘लेविर’. सून म्हणजे स्नुषा, तिकडे ‘स्नखा’, पलीकडे ‘नुरुस’. विधवा, ‘व्दवा’, ‘विदुआ’. एवढं सासर तिघींनी सांभाळलंय, यावरून नातं काढा, पण वडीलकी नको.

कारवीताई, मी रानडे इन्स्टिट्यूटात रशियन शिकलो आणि पुढे तीस वर्षं तांत्रिक भाषांतरावर घर चालवलं. त्यामुळे माझा कल कुठे असणार ते उघड आहे. तरी आधी तुमच्या वहीबद्दल, कारण ती वाचून मी खुर्चीतून उठलो.

बाबांचं बरोबर आहे. ‘क्ल्यूच’ म्हणजे पाना आणि किल्ली, दोन्ही. (झराही. पण तो ओझरच्या शॉप फ्लोअरवर कुठे भेटणार.) ‘मास्ला’ म्हणजे इंजिनातलं ऑइल, खायचं तेल आणि लोणीसुद्धा. प्रश्नचिन्ह काढून टाका. आणि ते ‘वितळलेलं तेल’ म्हणजे बहुतेक ‘ताप्ल्योनये मास्ला’ असणार. शब्दशः कढवलेलं लोणी. आईंना तेलाचं नका विचारू, साहेबांना कधी तूप दिलं होतंस का, असं विचारा.

आता झेपण्याबद्दल. लिपीची भीती सगळ्यांना वाटते आणि ती सगळ्यात फुसकी. ३३ अक्षरं, आठवड्याचं काम. फक्त रोमन डोळ्यांना चकवा बसतो. रेस्टॉरंटची पाटी ‘पेक्टोपाह’ अशी दिसते, कारण त्यांचा र रोमन पीसारखा, स सीसारखा आणि न एचसारखा. मराठी माणसाला एक गोष्ट फुकट मिळते. झारला इंग्रजी पोरं ‘त्सार’, ‘झार’ असं काय काय म्हणतात. आपण ‘चारा’तला च लावला की झालं. ‘चिमणी’तल्या चचं वेगळं अक्षर आहे, ते त्यांच्या चहाला लागतं.

वाक्यंही परकी वाटत नाहीत. ‘मी शिक्षिका’ एवढंच म्हणायचं, ‘आहे’ लागत नाही. थंडी वाजली तर ‘म्न्ये खोलदना’, म्हणजे मला थंड. ‘मी थंड आहे’ असली इंग्रजी आपत्ती नाही.

रडवतात ती क्रियापदं. जवळपास प्रत्येकाची जोडी असते. आपण ‘वाचलं’ आणि ‘वाचून टाकलं’ यांत जो फरक करतो, साधारण त्या जातीचा, पण तिथे तो टाळताच येत नाही. आणि ‘जाणे’ म्हणाल तर पायी की गाडीने, एका दिशेने की जाऊन येऊन, याची चार वेगळी क्रियापदं. मी दुसऱ्या वर्षी बाईंना म्हणालो होतो, मी घरीच बसतो. त्यालाही वेगळं क्रियापद निघालं.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था रशियनला ४४ आठवडे, सुमारे ११०० तास धरते. तुमच्या रोजच्या दोन तासांनी ५५० दिवस, म्हणजे दीड वर्ष. तेही मुत्सद्दी व्हायचं असेल तर. कार्डं वाचायला एवढं लागणार नाही. मात्र ती हातानं लिहिलेली आहेत, हे ध्यानात घ्या. छापील अक्षरं शिकून कार्ड उघडाल तर ओ की ठो कळणार नाही. हस्ताक्षरात त रोमन एमसारखा होतो, द जीसारखा, प एनसारखा. पहिल्या दिवसापासून चार रेघी वही आणा आणि पहिलीच्या पोरासारखं गिरवा.

पेडणेकार:

गोव्यात मोरजी-हरमलला सीझनमध्ये टॅक्सी मारतो. व्याकरण शून्य, पण भाडं ठरवण्यापुरती रशियन येते, आकडे तर झोपेतही. शॅकचे मेन्यू वाचून लिपी शिकलो. ताई, डिसेंबरात या, आठ दिवसांत बोलायला लागाल. लॅटिन बोलणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलं नाही.

वसईकर:

भेटणार कसं, टॅक्सीत बसायला त्यातलं कोणी उरलं पाहिजे ना 😄

लॅटिनची बाजू घ्यायला इथे कुणी नाही म्हणून मी. आमचे आजोबा चौथी शिकलेले, पण मिस्सा (चर्चमधली उपासना) लॅटिनमध्ये व्हायची तेव्हा सगळी उत्तरं तोंडपाठ. फादर म्हणाले ‘दोमिनुस वोबीस्कुम’ की आजोबा शेतातून आल्यासारख्या आवाजात ‘एत कुम स्पिरितु तुओ’. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा मराठीत आली, तरी आजोबा पुटपुटत राहिले. अर्थ मात्र त्यांना कधीच माहीत नव्हता. मी सेमिनरीत तीन वर्षं काढली (पुढे फादर झालो नाही, बँकेत लागलो) तेव्हा कळलं की ‘वोबीस्कुम’ म्हणजे ‘तुमच्यासह’. ‘वोबीस’ तुम्ही, ‘कुम’ सह, आणि तो ‘सह’ आपल्यासारखा मागून चिकटवलेला. ‘आणि’साठी ‘एत’ आहे, पण शब्दाला मागून ‘क्वे’ लावूनही चालतं. रोमच्या सेनेटच्या बिरुदात ‘पोपुलुस्क्वे’ आहे ना, तोच. संस्कृतातला ‘च’ जसा शब्दामागे येऊन बसतो, अगदी तसा. आणि क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी. मराठी माणसाला लॅटिन वाक्य उलटं लागत नाही, इंग्रजाला लागतं.

कारवीताई, तुम्हाला एक विचारू? पिंपळाला ‘फायकस रिलिजिओसा’ का म्हणतात, ‘रिलिजिओसस’ का नाही?

कारवी:

वसईकर, मर्मावर बोट ठेवलंत. दरवर्षी एखादं हुशार पोर हे विचारायचं आणि मी ‘नियम आहे’ म्हणून पुढे जायची. अंबाडी ‘हिबिस्कस कॅनाबिनस’, तिथे अस-अस जुळतं. पिंपळाला आणि चिंचेला (‘टॅमॅरिंडस इंडिका’) मात्र नाही. का?

वसईकर:

कारण लॅटिनमध्ये झाडं बायका असतात. शेवट ‘उस’ असला तरी फिकुस स्त्रीलिंगी, म्हणून विशेषण ‘आ’कारान्त. चिंचेलाही झाडांचाच नियम लावला. तिचं आपल्याकडे जुळतं, पिंपळाचं नाही, एवढंच.

आता माझं खरं म्हणणं. तुम्हाला हवंय ते लॅटिन म्हणजे सिसेरोसारख्या रोमन वक्त्याचं नव्हे. जुनी वर्णनं उघडून बघा, त्यांत क्रियापद जवळजवळ नसतंच. ‘फोलीइस कोर्दातिस’, हृदयाकृती पानांनिशी. ‘फ्लोरिबुस आल्बिस’, पांढऱ्या फुलांनिशी. नाम, विशेषण, दोन्हींना एकच विभक्ती, संपलं. यातले निम्मे शब्द तुम्ही रोज फळ्यावर लिहीत होता. हॉर्टसची लांब वाक्यं जड जातील, तिथे क्रियापदं आहेत. पण या वर्णनांना चार महिने पुष्कळ झाले. त्यामुळे लॅटिनची बाजू घ्यायला आलो होतो खरा, पण सांगतो की आधी रशियन करा. लॅटिनमध्ये तुमचा एक पाय आधीच आहे, तो कुठे जात नाही.

जुनी_रद्दी:

वसईकर, पक्ष बदललात! एक भर घालतो. ‘कोर्दातिस’मधला ‘कोर्द’, रशियन ‘सेर्द्त्से’ आणि आपलं ‘हृद’, हेही त्याच आजीचं. ताई, तुमच्याच विषयात रशियनमध्ये ‘सोव्हिएत संघाची वनस्पतिसंपदा’ ३० खंडांत आहे, १९३४ ते १९६४. मजकूर रशियन आणि नव्या जातींची वर्णनं लॅटिनमध्ये. म्हणजे ‘एकच’ हा तुमचा हट्ट तिथे मोडणार.

कारवी:

आईला विचारलं. ती म्हणाली, ‘तूप? दिलं होतं की. साहेबाची बायको आजारी होती म्हणून बोर्नव्हिटाच्या डब्यातून पाठवलं, डबा काही परत आला नाही.’ साहेबांवर तिचा राग अजून आहे.

तर रशियन. ऑनलाइन वर्गात नाव घातलं, सोमवारपासून. माझ्यापेक्षा मोठं वर्गात कुणी नाही, शिक्षिका माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची आहे. चार रेघी वही आणली. वसईकर, चार महिन्यांचं ते लॅटिन तुमच्या खात्यावर उधार.

जुनी_रद्दी, आज एक कार्ड भिंग घेऊन बघत होते. ‘स नोवीम गोदम’ (नवीन वर्षाच्या शुभेच्छा) एवढं लागलं. खालच्या ओळीत एका शब्दात नुसत्या उभ्या काठ्या आहेत, तीन-तीनच्या, एकमेकींना चिकटून. हा त आहे की श?

जुनी_रद्दी:

तीन काठ्यांच्या वर आडवी रेघ असेल तर त. खाली असेल तर श. सगळे लिहीत नाहीत, पण जुन्या वळणाची माणसं ती रेघ ओढायची.

कारवी:

वर आहे. मी ती शिरोरेषा समजून सोडून दिली होती.