नवा टॅटू आणि पहिले पंधरा दिवस (अनुभव धागा)

"खपली ओढून काढली तर लवकर बरा होईल ना?" आज परत कानावर पडलं आणि जुनी उजळणी सुरू झाली. म्हणून हा धागा.

सुरुवात धुण्यापासून. आधी हात साबणाने, मग टॅटू. कोमट पाणी, बिनवासाचा पातळ साबण आणि फक्त तळवा. घासणी, स्पंज नको. वर साचलेली लस बोटाला बुळबुळीत लागते, ती बुळबुळ जाईपर्यंत हलक्या हाताने फिरवायचं. हीच लस वाळली की जाड खपली धरते, आणि ती उचकटली तर खालची शाई घेऊन निघते. पुसायला टॉवेल नाही, कागदी रुमाल. टिपायचं. दिवसातून दोन-तीनदा. आता तुम्ही लिहा.

कोमटपाणी
मलमाचं राहिलं की! धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटं नुसता कोरडा होऊ द्या, मग लावा. तळहाताएवढ्या टॅटूला वाटाण्याएवढं पुष्कळ. चकाकायला लागला म्हणजे जास्त झालं, टिपून घ्या. जादा मलमाने खपली भिजून लिबलिबीत होते आणि कपड्याला चिकटून येते. निओमायसिन (एक प्रतिजैविक) असलेलं मलम मनाने लावू नका. काहींना त्याचीच ॲलर्जी असते, पुरळ उठतं आणि बोल शाईला.

सुईदोरा
+१. लोक पुट्टी मारल्यासारखं थापतात 😀

काळीशाई
पारदर्शक चिकट फिल्म लावलेल्यांसाठी: पहिल्या दिवशी आत काळ्या पाण्याचा फुगा येतो. लस आणि जादा शाई असते ती, घाबरू नका. साधारण २४ तासांनी काढून, धुवून, पूर्ण कोरडं करून नवी लावली की ती ३ ते ५ दिवस चालते. पण ओघळ कडेपर्यंत आला किंवा कोपरा सुटला तर ती फिल्म बाद, वरून दुसरी पट्टी चिकटवत बसू नका. काढताना वर उचलायची नाही. कोमट पाण्याखाली त्वचेला समांतर ताणत, केसांच्या दिशेने. फिल्मच्याच मापाचा लाल चौकोन खाजत उठला तर गोंद सोसत नाहीये.

मांजरवेडी
चादर चिकटली तर?

कोमटपाणी
ओढू नका. चादरीसकट नळाखाली, सुटेपर्यंत.

सुईदोरा
म्हणजे न्हाणीघरापर्यंत वरात 😂

मांजरवेडी
आणि मांजर? तिला नेमकं तिथेच बसायचं असतं.

काळीशाई
सैल सुती बाही, आणि दार बंद. केस आणि नखं दोन्ही वाईट.

निळारंग
घाईत लिहितोय. चौथ्या-पाचव्या दिवशी रंगीत पापुद्रे गळतात, तेव्हा "टॅटू गेला" म्हणून फोन येतात. जात नाही. शाई एक-दोन मिमी खाली असते, गळतो तो वरचा थर. खाज सुटली तर थापट्या माराव्यात, बाळाला झोपवताना मारतो तशा. नंतर तीन-चार आठवडे वर दुधाळ झाक राहते. टच-अपचा विचार त्यानंतरच. पोहणं, टब दोन ते चार आठवडे बंद. शॉवर चालतो. उन्हात झाकून ठेवा, सनस्क्रीन पूर्ण भरल्यावरच, किमान एसपीएफ ३०.

कोमटपाणी
एक गंभीर मुद्दा. लाली आणि ऊब पहिले दोन-तीन दिवस असतेच, पण ती रोज ओसरायला हवी. उलट पसरत असेल, पू, ताप, किंवा टॅटूपासून निघालेली लाल रेघ दिसली, तर इथे फोटो टाकू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फक्त लाल रंगाचाच भाग फुगून खाजत असेल तर ॲलर्जीची शंका घ्या. ती काही महिन्यांनीही उठू शकते.

सुईदोरा
वेलांटी चुकली असेल तर काय लावायचं?

काळीशाई
त्याला मलम नाही 😀 पण अक्षरं बारीक काढून घेऊ नका. शाई वर्षानुवर्षं थोडी पसरते, 'ध'ची गाठ भरून येते आणि वाचणारा 'घ' वाचतो.

मांजरवेडी
'धन' चा 'घन' 🙈 बरं, चादरीवरचा शाईचा डाग कशाने जातो?

सुईदोरा
काळी चादर घ्या.