ऑफिसात गाणी: मनाला आराम की कामात लुडबुड?

तिरकीट
आमच्याकडे एचआरचा नवा फतवा: दुपारनंतर सगळ्या मजल्यावर स्पीकरवरून 'प्रसन्न' संगीत. ताण कमी होतो म्हणे. ताण कमी करायचाय ना, मग माणसं वाढवा, डेडलाइन जरा माणसासारख्या द्या. गाणी फुकटात पडतात, म्हणून गाणी!

कोमलनिषाद
इतकं टोकाला जाऊ नका. २००५ साली टेरेसा लेसियुक यांनी कॅनडातल्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या आठवड्यात संगीत बंद ठेवलं, त्यात मूडही उतरला आणि कामाची प्रतही. हे थोतांड नाही.

तिरकीट
मान्य, पण त्यात लोक आपल्या आवडीचं, हवं तेव्हा ऐकत होते. छतातून अंगावर ओतलेलं नाही. माझा मुद्दा तोच आहे.

खर्डेघाशी
+१. त्यात गाण्याला शब्द असले की लिहिण्या-वाचण्याचं काम बोंबललंच. कानावर पडणारे शब्द आणि डोक्यात जुळवायचे शब्द यांची मारामारी होते. आमच्या टीममधल्या एकाने 'प्रलंबित बिल'ऐवजी 'प्रियतम बिल' असा मेल क्लायंटला धाडला होता. (बिल मात्र लगेच चुकतं झालं, ते सोडा.)

मंद्रसप्तक
सगळेच काही मेल लिहीत नाहीत हो. पॅकिंग, डेटा एंट्री, तेच ते काम दिवसभर करणाऱ्याला गाणं म्हणजे आधार. युद्धकाळात, १९४० मध्ये बीबीसीने कारखान्यांसाठी खास संगीताचा कार्यक्रम सुरू केला तो उगाच नाही.

तिरकीट
तो उत्पादन वाढावं म्हणून. कामगारांच्या मनःस्वास्थ्याची काळजी नंतर चिकटवलेली.

कोमलनिषाद
हेतू काहीही असो, कंटाळा कमी होत असेल तर वाईट काय? आणि आपण नुसत्या ऐकण्यावरच अडकलोय. एकत्र गाण्याचं काय? इंग्लंडमधल्या प्रौढांच्या वर्गांवरचा २०१५ चा एक अभ्यास आहे. गाण्याच्या वर्गातली माणसं हस्तकला किंवा लेखनाच्या वर्गांपेक्षा लवकर एकमेकांत मिसळली. काही महिन्यांनी सगळे वर्ग सारख्यावर आले, हेही सांगते. पण नव्या टीमला सुरुवातच तर जड जाते. एकटेपणा हाही ताणच आहे.

खर्डेघाशी
समोर मॅनेजर टाळ्या वाजवत उभा असताना कसलं मिसळणं? अप्रेझलच्या महिन्यात सगळेच सुरात गातील.

मंद्रसप्तक
हाहा, हे मात्र खरं. सक्ती आली की संपलं. निदान स्पीकर बंद करून हेडफोनला परवानगी मागा. फोनवर बोलायचं काम नसेल त्यांना तरी.

तिरकीट
उद्याच मागतो. आणि गायनवृंद काढलाच तर कामाच्या वेळेत काढा, मीही येईन. सुटी झाल्यावर थांबवणार असाल तर ओव्हरटाइम लावा.