ड्रेकोची खाली आलेली छडी

हॅरी पॉटरच्या पुस्तकांतला, हॅरीशी वैर धरणारा ड्रेको मॅल्फॉय शेवटपर्यंत नुसता भित्राच राहिला, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. सुरुवातीला तो बापाच्या जिवावर उड्या मारतो, हॅरीची मैत्रीण हर्मायनी जादूगार घराण्यातली नाही म्हणून तिला शिवी देतो. तिथे त्याची बाजू मी घेणार नाही. पण सहाव्या पुस्तकात हा १६ वर्षांचा पोरगा मर्टल नावाच्या मुलीच्या भुतासमोर ढसाढसा रडतो. खलनायक व्होल्डेमॉर्टने त्याला शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर यांना मारायचं काम दिलंय; ते फसलं तर आपल्यासकट सगळं घर संपेल, हे ओझं त्याच्यावर आहे! तरीही मनोऱ्यावर निःशस्त्र डंबलडोर समोर असताना त्याची जादूची छडी खाली येते. सातव्यात तर पकडून आणलेल्या हॅरीला ओळखायला व्होल्डेमॉर्टच्या बाजूचे लोक त्याला सांगतात, तेव्हा तो ठाम काही बोलतच नाही. घाबरलेला तो असतोच, पण त्या क्षणी हॅरीचं नाव सांगणं त्याला कितीतरी सोपं होतं.