आठवा महिना, ओली भिंत आणि नवऱ्याची अकरा कामांची यादी

देवरुखकरीण:
नमस्कार मंडळी. चौतिसावा आठवडा चालू आहे आणि दिवाळी वीस दिवसांवर आलीय. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तीच वॉकर धरून चालतेय. म्हणून मी इथेच, सासरी. नवरा ठाण्याला नोकरीला. शनिवारी रात्री रेल्वेने येतो, रविवारी संध्याकाळी परत. तेवढ्या वेळात त्याला घर नवं करायचंय! कॅलेंडरच्या मागे अकरा कामं लिहून ठेवलीत. बाळंतिणीच्या खोलीला रंग, न्हाणीघराची फरशी, पडवीच्या स्लॅबची चीर, पुढच्या अंगणाचं खळं, माळ्यावरचा पाळणा, आणि अशीच बरीच.

मुख्य दुखणं खोलीचं. घर जांभ्याचं, वरून सिमेंटचा गिलावा. पश्चिमेची भिंत सगळा पाऊस अंगावर घेते. सासरे होते तेव्हा मृगाआधी तिला बाहेरून नारळाच्या झावळ्यांची झापं बांधायचे, आता कोण बांधतंय. आतून कंबरेपर्यंत पोपडे आलेत, कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी, आणि हात फिरवला की बोटाला पांढरं पीठ लागतं. यावर पुट्टी मारून रंग द्यायचा असा बेत आहे. वीस लिटरची बालदी येऊन पडलीय. फिकट पिवळा, म्हणजे मुलगा होवो की मुलगी, चालावा.

गवंडी म्हणतो, भातकापणी आटपल्याशिवाय विचारू नका. मग नवरा म्हणाला, मीच करतो. गेल्या रविवारी पाळणा खाली काढून पॉलिश पेपरने घासायला घेतला. आजेसासऱ्यांच्या वेळचा सागवानी पाळणा, हिरव्या ऑइलपेंटचा. ओटीभर हिरवी धूळ, माझ्या सुकत घातलेल्या साडीवरसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, पोटुशी बाई असताना घरात ठोकाठोक करू नये. एरवी मी असलं मानत नाही, पण या वेळी म्हटलं, बोला हो आई, जरा जोरात बोला.

तर यातलं काय करावं आणि काय सरळ सोडून द्यावं? नवऱ्याला पटेल असं कारण सांगा. "दमशील" हे कारण त्याला चालत नाही.

चिपळूणचा शेजारी:
ताई, बालदी उघडू नका. २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात वाशिष्ठीचं पाणी छातीपर्यंत होतं. दिवाळीला घर उजळ दिसावं म्हणून ऑक्टोबरात पुट्टी मारली, रंग दिला. दिवाळी झकास झाली. शिमग्याला सगळं पापडासारखं सुटून खाली! मग पुट्टीसकट खरवडा आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

बोटाला लागतं ते पीठ म्हणजे क्षार. भिंतीतलं पाणी बाहेर येऊन वाळतं आणि क्षार मागे ठेवतं. तुमच्या साहेबांना पटत नसेल तर हातभर प्लास्टिक घ्या, चारी कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा, दुसऱ्या दिवशी बघा. आतून दव धरलं तर भिंत ओली. चिकटपट्टीच चिकटली नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायलाही नको.

दुरुस्ती बाहेरून करायची, आणि तीही भिंत वाळल्यावर, फेब्रुवारी-मार्चात. तोवर कपाट वीतभर पुढे ओढा, खिडक्या सताड उघड्या ठेवा. ऑक्टोबरचं ऊन फुकट आहे.

रंगवाला:
रंगाचं दुकान चालवतो, तेव्हा हे लिहिणं म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय. पण भिंतीपेक्षा मला तुमच्या पाळण्याची धास्ती वाटली. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात ते ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, तुमचा पाळणा त्याच्या कितीतरी आधीचा. घासल्यावर त्याची धूळ होते, ती श्वासातून आणि हातावाटे पोटात जाते, आणि आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचते. डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला.

ओटी झाडू नका, झाडून ती उडते. ओल्या फडक्याने पुसायची, फडकं टाकून द्यायचं. पुसणार दुसरं कुणीतरी, तुम्ही नाही. साडी वेगळी धुवा. पाळण्याला वर नवा रंग मारून भागवू नका, दात यायला लागले की पोरं काठ चावतात.

आणि बुरशीला ब्लीच लावणार असाल तर त्यात ॲसिड किंवा संडास धुवायचं लिक्विड मिसळू देऊ नका. विषारी वायू होतो. दोन्ही एकत्र ओतून "डबल पॉवर" करणारी गिऱ्हाइकं मी पाहिलीत.

आजी राजापूरची:
अगं, पाळणा लागतो बाराव्या दिवशी, न्हाणीघर लागतं रोज चार वेळा. तिथलं शेवाळ आधी काढ म्हणावं त्याला. माझी जाऊ नवव्या महिन्यात न्हाणीत घसरली होती. निभावलं सगळं, पण तो आवाज अजून कानात आहे. भिंतीला धरायला पक्की दांडी बसवून घे, बाळंतपणानंतर उठता-बसता तीच कामाला येते. दिवा चांगला हवा, रात्री तुला दहादा उठायचंय.

आणि मला एक कळत नाही, त्याच खोलीचा हट्ट कशाला? दुसरी कोरडी खोली नाही का घरात?

देवरुखकरीण:
आजी, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी आणि सासूबाई एकमेकींकडे बघतच राहिलो. बाळंतिणीची खोली तीच, कारण त्या घरात कायम तीच होती. एवढंच कारण!

प्लास्टिक लावलं होतं. सकाळी आतून थेंब होते, एक ओघळून खालच्या पट्टीत साचला होता. फोटो नवऱ्याला पाठवला. अर्धा तास उत्तर नाही, मग नुसतं "बरं" आलं.

या रविवारी पूर्वेची खोली रिकामी केली. तिथे भाताची पिंपं आणि त्याच्या कॉलेजची पुस्तकं होती. पिंपं शेजारच्या दादांना बोलावून हलवली. पुस्तकांसाठी दीड तास गेला, कारण तो प्रत्येक पुस्तक उघडून बघत होता. खिडकीला डासांची जाळी लागली. न्हाणीघर त्याने ब्रशने घासलं, दांडी बसवली, आणि स्वतः लोंबकळून दाखवली. डॉक्टरांनी शिशासाठी रक्त तपासायला घेतलंय, रिपोर्ट यायचाय. पाळणा प्लास्टिकमध्ये गुंडाळून मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात गेला. आईची जुनी नऊवारी येतेय, तिची झोळी बांधू.

खळं सासूबाईंनी शेजारणींना घेऊन तुळशीपुढचं तेवढंच चोपून सारवलं. बाकीचं गवत आहे तसंच आहे. स्लॅबची चीर भातकापणीनंतर.

बालदी दुकानदाराने परत घेतली नाही, म्हणे रंग एकदा मिसळला की मिसळला. ती पडवीतच आहे. सध्या सासूबाई तिच्यावर बसून नारळ सोलतात. म्हणतात, उंची अगदी बरोबर आहे.